आत्मकथन कोणासाठी, हे आधी ठरवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘हल्ली जो उठतो तो आत्मचरित्र लिहितो’ हा शेरा कोणाचेही आत्मकथन बाहेर आले की ऐकू येतो. शेऱ्यातला ‘हल्ली’ आधी काढून टाकू. बनारसीदास नावाच्या जैन व्यापाऱ्याने आग्र्यात १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आपले आयुष्य पद्यात लिहून काढले. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून त्याने त्याला नाव दिले ‘अर्धकथानक’. हा माणूस राजा नव्हता. व्यापारात बसलेली खोट, एकामागून एक गेलेली नऊ मुले, स्वतःचे गुण आणि त्याच्याच शेजारी स्वतःचे दोष, असे सगळे त्याने मांडले. मिरवायला बसलेला माणूस तोट्याची बाजू इतकी नीट लिहीत नाही.

मग लोक लिहितात कशासाठी? म्हातारपणी जुन्या आठवणींत रमणे हे एके काळी बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजले जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये त्याविरुद्ध मत मांडले: शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस गतायुष्याचा आढावा घेऊ लागतो, आणि ही मनाची स्वाभाविक गरज आहे. हे एक कारण. दुसरे, मनात रुतलेले बाहेर काढणे. तिसरे कारण साक्षीचे. ज्यांच्याविषयी आजवर फक्त दुसऱ्यांनीच लिहिले, त्यांना ‘असे नव्हते, असे होते’ हे स्वतः सांगायचे असते. आणि चौथे अगदी साधे: नातवंडांना कळावे.

ही चारही कारणे चांगली आहेत, पण एका वहीत ती सुखाने नांदत नाहीत. नातवंडांसाठी लिहायचे तर नाव, नाते, गाव आणि साल चोख हवे. मनातली कटुता तिथे ओतून चालत नाही. साक्ष द्यायची तर कागदपत्रे हवीत. मन मोकळे करायचे असेल तर यांतले काहीच नको, वाचकही नको. हा निवाडा न करता लिहायला बसणे, हेच आमच्या मते बहुतेक हस्तलिखिते तिसाव्या-चाळिसाव्या पानावर थांबण्याचे कारण. लेखणी आटत नाही. आपण कोणाशी बोलतो आहोत हे दर दोन पानांनी बदलत जाते. वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहावी: हे मी अमक्यासाठी लिहीत आहे. पुढे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचे निम्मे वाद ती ओळ मिटवते.

मन हलके करण्याच्या लिखाणाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण त्याविषयी भाबडेपणा फार. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर लिहायला सांगितले होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात जाणे इतरांच्या मानाने कमी राहिले. मात्र लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरे नव्हे, अधिक वाईट वाटले होते. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला तर लाभ दिसतो, पण तो थोडका. म्हणून १५ मिनिटांनी थांबावे, सलग दोन-तीन दिवस मन अधिकच खचत गेल्यासारखे वाटले तर तो विषय बाजूला ठेवावा, आणि हा मजकूर पुस्तकात जसाच्या तसा घालू नये. तो कच्चा माल आहे.

आता प्रत्यक्ष लिखाण. जन्मापासून सुरुवात करणे ही सर्वांत सामान्य चूक. स्वतःची म्हणावी अशी पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांची असते. त्याआधीचे सगळे ऐकीव, आणि ऐकीव मजकूर वाचायलाही तसाच लागतो. चाळिशी ओलांडलेल्यांना दहा ते तीस या वयातले प्रसंग सर्वाधिक आठवतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. सुरुवात तिथून करावी. याच कारणाने चाळिशीनंतरची प्रकरणे बढत्या आणि बदल्यांची यादी होऊन बसतात. तिथे आठवणीच्या भरवशावर न राहता जुनी पत्रे, डायऱ्या, पासबुके, फोटोंमागच्या तारखा काढून बसावे लागते.

एका चिठ्ठीवर एक प्रसंग, कोपऱ्यात साल, आणि एक खूण: पाहिलेले, ऐकलेले की अंदाजाचे. अशा शंभरेक चिठ्ठ्या झाल्याशिवाय प्रकरणे पाडू नयेत. ही खूण शोभेची नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना, घरच्यांकडून कळले आहे असे सांगून, लहानपणी बाजार-संकुलात हरवल्याची खोटी हकीकत दिली. सुमारे चौथाई लोकांना ती थोडीफार ‘आठवली’. घरात वर्षानुवर्षे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचे हेच होते. लिहिणारा खोटे बोलत नसतो. त्याला खरेच तसे आठवत असते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे संवाद अवतरणचिन्हांत पानभर आले की जाणता वाचक सावध होतो. मनात राहिलेले एखादे वाक्य तसेच द्यावे, बाकीचे ‘ते म्हणाले की’ एवढ्यावर भागवावे.

ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी बोलावे, कोणीतरी उतरवून घ्यावे. एका तासाच्या बोलण्यातून साधारण सात हजार शब्द निघतात आणि ते हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. त्यातली पुनरुक्ती काढावी. बोलीची लकब मात्र ‘शुद्ध’ करू नये. अनेक चांगली आत्मकथने या शुद्धीकरणातच मारली जातात.

राहिला इतरांचा प्रश्न. आयुष्य आपले असले तरी त्यातली बाकीची माणसे आपल्या मालकीची नसतात. नाव बदलले की झाले, हा गैरसमज आहे. नाते, पेशा आणि गाव तेच ठेवले तर शेजारीपाजारी ओळखतात आणि बदनामीचा दावाही टळत नाही. हयात व्यक्तीला तिच्यावरची पाने छापण्याआधी दाखवावीत. दरवेळी तिचे ऐकलेच पाहिजे असे नाही, पण निदान तारखा तरी दुरुस्त होतात.

आपल्या पुरवणीत वाचकांच्या आठवणींना जागा द्यावी, अशी विनंती आहे. एक प्रसंग, पाचशे शब्द, वर साल, आणि ‘हे कोणासाठी’ अशी एक ओळ, एवढीच अट ठेवावी. उपदेश करणारा शेवटचा परिच्छेद आपण कापला तरी बहुतेकांची हरकत नसेल.

आपले,
आत्मकथनांच्या संपादनाचे काम करणारे काही वाचक