डेलिअमहून परतताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अर्ध्या घाटवाटेवरून सगळ्यांना परत आणलंस आणि खाली आल्यावर कुणीतरी 'भित्रा' म्हणालं, ते तुला अजून टोचतंय. ओढ्याचं पाणी चढत होतं, दोर तोकडा होता, तरी 'मी खरंच घाबरलो का?' असं मलाच विचारतोस.

सध्या प्लेटोचा 'लाखेस' हा संवाद वाचतोय, म्हणून तिथलंच सांगतो. मुलांना शस्त्रविद्या शिकवावी का, हे विचारायला दोन बाप निकिआस आणि लाखेस या अथेन्सच्या सेनापतींकडे येतात. सॉक्रेटिस मुळालाच हात घालतो : धैर्य म्हणजे काय? लाखेस सरळ शिपाईगडी. म्हणतो, जागा न सोडता लढतो तो शूर. सॉक्रेटिस विचारतो, मग इ.स.पू. 479मध्ये प्लाटेआच्या लढाईत आधी मागे हटून, पर्शियन फळी विस्कटताच उलटून लढलेले स्पार्टन कोण? लाखेसला ते मान्य करावं लागतं.

खरं तर हे त्याला आधीच ठाऊक असायला हवं होतं. इ.स.पू. 424मध्ये डेलिअमच्या लढाईत अथेन्सची फौज उधळली, तेव्हा तो सॉक्रेटिसबरोबरच मागे फिरला होता. सॉक्रेटिसचा तरुण मित्र अल्किबिआडिस घोड्यावर होता, त्यानं पाहिलं : सॉक्रेटिस शांतपणे चालतोय, शत्रूवर नि सोबत्यांवर सारखीच नजर ठेवतोय. अशा माणसाच्या वाटेला कुणी गेलं नाही, पाठलाग झाला तो ऊर फुटेस्तोवर पळणाऱ्यांचा. तू मंडळींना खाली आणलंस तेव्हा असाच चालला असशील, असं मला राहून राहून वाटतं.

निकिआसचं उत्तर जास्त खोल आहे. कशाला भ्यावं आणि कशाला नाही, हे कळणं म्हणजे धैर्य. तो असंही म्हणतो की ज्योतिषाला फक्त पुढची चिन्हं कळतात, त्यात कुणाचं भलं आहे ते नाही. त्यावर सॉक्रेटिस कायद्याची आठवण देतो : ज्योतिषी सेनापतीच्या हुकमात, सेनापती ज्योतिषाच्या नव्हे.

आणि हाच निकिआस इ.स.पू. 413मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज शहरापुढे अडकला. छावणी दलदलीत, सैन्य आजारी. दुसरा सेनापती डेमोस्थेनिस निघू या म्हणत होता. निकिआस तयार होईना. तो म्हणाला, आज इथे रडणारे हेच शिपाई उद्या अथेन्सला जाऊन म्हणतील, सेनापतींनी लाच खाऊन माघार घेतली! हे त्या काळच्या इतिहासकार थ्युसिडिडीसनं लिहून ठेवलंय. शेवटी निघायचं ठरलं, तर 27 ऑगस्टच्या रात्री चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषी म्हणाले, 27 दिवस थांबा. तो थांबला. पुढे आरमार गेलं, फौजेची वाताहत झाली, निदान 7000 कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले आणि निकिआसला मारण्यात आलं.

प्लेटोनं हा संवाद लिहिला तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येकाला हा शेवट माहीत होता. मला ते वाचताना निकिआसची फार कणव येते. व्याख्या त्याच्याच तोंडी होती, पण घरी गेल्यावर लोक काय म्हणतील, यापुढे ती टिकली नाही. तुझ्यापुढेही तोच प्रश्न होता ना, ओढ्याकाठी? तू पाण्याकडे पाहिलंस.

पाऊस ओसरला की त्याच वाटेनं जाऊ. लांब दोर मी आणतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच