चि. अमेयला, सायलीच्या तपासण्यांच्या निमित्तानं

प्रिय अमेय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की सायलीचं बीपी आता ताब्यात आहे, क्रिॲटिनिन (किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा) १.१ आलंय, आणि तुम्ही दोघं बाळाचा विचार करताय. मला आनंद झालाच. पण पुढचं बोलणं फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. लिहिलेलं पुन्हा वाचता येतं आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबरही नेता येतं. हे पत्र सायलीलाही दे. तिच्या शरीराबद्दल तिच्यामागे बोलणं मला आवडणार नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते. नातवंडासाठी माझी घाई नाही, तुझ्या बाबांचीही नाही. सुलूआत्या दर सणाला "गोड बातमी कधी?" म्हणून विचारते, तिच्याशी मी बोलेन. मूल होऊ द्यायचं का आणि कधी, हे ठरवताना सायलीची किडनी आणि सायलीचं मन या दोनच गोष्टी समोर असू देत.

आता त्या १.१ बद्दल. लॅबच्या कागदावर तो आकडा ठळक छापलेला नसेल, म्हणून तुम्हाला तो नॉर्मल वाटला. पण एकोणतीस वर्षांच्या बाईचं क्रिॲटिनिन १.१ असेल, तर तिची किडनी साधारण सत्तर टक्के काम करतेय असं समजायचं. त्यात आयजीए नेफ्रोपथी, म्हणजे किडनीच्या गाळण्यांना सूज आणणारा आजार, बायोप्सीत सिद्ध झालेली आणि लघवीतून प्रोटीन जातंय. म्हणजे आजार दुसऱ्या टप्प्यात आहे. गरोदरपणात किडनीकडे रक्त जास्त जातं, गाळण्याचं काम जवळजवळ दीडपट होतं. त्यामुळे निरोगी बाईचं क्रिॲटिनिन त्या काळात खाली उतरतं, ०.८७ च्या वर गेलं तरी डॉक्टर कान टवकारतात. सायलीच्या किडनीला हे वाढीव काम कितपत झेपेल, हा खरा प्रश्न आहे.

तिच्या आकड्यावर किडनी कायमची खालावण्याची भीती फार मोठी नाही, बीपी आणि प्रोटीन आधी आटोक्यात आणलं असेल तर. क्रिॲटिनिन दोनच्या पुढे असलेल्या बायकांत मात्र साधारण तिघींतल्या एकीची किडनी गरोदरपणामुळे वेगानं ढासळते, हे १९९६ सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे मूल हवंच असेल, तर तब्येत चांगली आहे तोवरची वर्षं मोलाची. पण बाळ वेळेआधी जन्मण्याचा धोका तिच्याही टप्प्यावर खराच आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१५ साली किडनीचा आजार असलेल्या पाचशेहून जास्त गरोदर बायकांची माहिती छापली. पहिल्या टप्प्यात साधारण चौघींत एकीची प्रसूती लवकर झाली होती, दुसऱ्या टप्प्यात निम्म्याजणींची. निम्म्याजणींची, अमेय. तेव्हा लवकर जन्मलेलं, वजनानं कमी असलेलं बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहू शकतं, ही मनाची तयारी तुम्ही आजपासून ठेवायला हवी.

पहिलं पाऊल आधीच्या तयारीचं आहे, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं औषधांचं. सायली बीपीसाठी टेल्मिसार्टन घेते. किडनीसाठी ती उत्तम गोळी आहे, प्रोटीन जाणं कमी करते. पण पोटातल्या बाळाच्या किडनीला ती घातक ठरते. बाळाची लघवी कमी होते, गर्भजल आटतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन या बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. हल्ली किडनीसाठी डापाग्लिफ्लोझिनही देतात, तेही गरोदरपणात चालत नाही. म्हणून "राहिलं तर राहू दे" असं चालणार नाही. नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, हिरवा कंदील दाखवेपर्यंत गर्भनिरोधन करायचं, आणि तेही बीपी वाढवणाऱ्या नेहमीच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर नको. कॉपर-टी किंवा दुसरं काय, ते डॉक्टरांना विचारा. टेल्मिसार्टन मनानं बंद करू नका, बीपी उसळलं तर तेही नुकसानच. काही डॉक्टर ती आधीच बदलून लॅबेटालॉल, निफेडिपीन किंवा मिथाइलडोपा या गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या देतात. काहीजण प्रोटीन जास्त असेल तर पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत चालू ठेवतात आणि लगेच थांबवतात. तुमच्यासाठी कोणतं बरोबर, हा पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न ॲस्पिरिनचा. तिला प्री-एक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून पुढे झटकेही येऊ शकतात त्या आजाराचा, धोका इतरांपेक्षा जास्त आहे. कमी डोसची ॲस्पिरिन बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करायची असते, सोळाव्याच्या आत. २०१७ साली छापलेल्या, मुख्यतः युरोपात झालेल्या मोठ्या चाचणीत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या, जास्त धोका असलेल्या बायकांत वेळेआधी प्रसूती करावी लागणारा प्री-एक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. इतक्या स्वस्त गोळीनं इतकं साधतं, तर ती तारीख चुकता कामा नये.

माझी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात झाली. झटके येत असलेल्या पोरी बैलगाडीतून, जीपमधून यायच्या. घरचे सांगायचे, "पाय सुजले होते, पण बाई, या दिवसांत सुजतातच ना!" डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, बरगडीखाली उजवीकडे दुखत होतं, आणि कुणीही बीपी पाहिलेलं नसायचं. मॅगसल्फनं, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शननं, त्यातल्या कित्येक वाचल्या. २००२ साली भारतासह तेहतीस देशांतल्या चाचणीनं सिद्ध केलं की त्या इंजेक्शनानं झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. पण मॅग्नेशियम बाहेर पडतं ते लघवीवाटे. किडनी अधू असेल तर ते अंगात साठतं, म्हणून डोस देण्याआधी आम्ही लघवीचं माप, श्वास आणि गुडघ्याचा रिफ्लेक्स तपासायचो. सायलीला कधी ते द्यावं लागलं, तर तिला किडनीचा आजार आहे हे ड्यूटीवरच्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. ते तुझं काम. तिच्या बायोप्सीचा कागद, गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये, आणि ती फाईल तुझ्या हातात.

तिच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. प्री-एक्लॅम्पसिया ओळखायला लघवीतलं प्रोटीन बघतात, पण तिचं प्रोटीन आधीपासूनच जातंय, आणि गरोदरपणात ते एरवीही वाढतं. मग वाढलं ते आजारानं की प्री-एक्लॅम्पसियानं, हे सांगणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं. म्हणूनच दिवस राहण्याआधीचे आकडे लिहून ठेवायला हवेत: बीपी, क्रिॲटिनिन, लघवीतलं प्रोटीन. पुढे तुलना त्यांच्याशीच होणार. मधल्या महिन्यांत बीपी आपोआप थोडं उतरतं, तेव्हा "बरी झाली" असं समजून तपासण्या टाळू नका.

घरी दंडावर बांधायचं बीपीचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा हवा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोजायचं आणि वहीत लिहायचं. सहसा १३५/८५ च्या आत ठेवायला सांगतात. १४०/९० दिसलं तर त्याच दिवशी फोन, १६०/११० दिसलं तर फोनही नंतर, आधी दवाखाना. डोकेदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन कधीच नाही. ओळखीच्यांनी दिलेले काढे, ताकदीच्या पुड्या नाहीत. चतुर्थी, नवरात्र, काही उपवास नको, देव रागावत नाही.

आता अवघड विषय. सायलीच्या आईला वाटतं की पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं. त्यांची माया मला कळते, मीही तुझ्या वेळी सातव्यात माहेरी गेले होते. पण त्यांच्या गावी ना नेफ्रॉलॉजिस्ट आहे ना एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. सायलीचं बाळंतपण जिथे हे दोन्ही एका छपराखाली आहे तिथेच, म्हणजे पुण्यात व्हायला हवं, आणि नाव पहिल्या महिन्यातच घालायला हवं. त्यांनी पुण्याला तुमच्याकडे येऊन राहावं. डोहाळजेवण, ओटी, सगळं तिथेच करू. हे मी त्यांच्याशी स्वतः बोलेन, तू मध्ये पडू नकोस.

बाळ झालं की सगळे पेढे वाटायला मोकळे होतात, पण बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बऱ्याचदा सर्वांत वर जातं. घरी सोडल्यावरही मशीन चालूच राहील. अंगावर पाजताना एनालाप्रिल चालतं, त्यामुळे किडनीचं औषध पुन्हा सुरू करायला वाव असतो, तोही प्रश्न लिहून ठेवा.

आणि सगळ्या तपासण्यांनंतर डॉक्टर "आत्ता नको" म्हणाले, किंवा सायलीच म्हणाली की मला हे नकोय, तर तिला त्याचं एका शब्दानंही ओझं वाटू देऊ नकोस. दत्तकाचा रस्ता आहे, कारामार्फत, म्हणजे सरकारच्या दत्तक संस्थेमार्फत, रीतसर नोंदणी होते. आपल्या घरात ते मूल तेवढंच लाडाचं असेल. आशाही धर. १९५६ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये इडिथ हेल्म नावाच्या बाईला तिच्या जुळ्या बहिणीची किडनी बसवली आणि १९५८ साली ती आई झाली. आज डायलिसिसवर असलेल्या बायकांचीही बाळंतपणं होतात, आठवड्याला कितीतरी जास्त तास डायलिसिस करून. सायली त्या मानानं खूप आधीच्या वळणावर आहे.

नेफ्रॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांची वेळ एकाच आठवड्यात मिळते का बघ, म्हणजे एकाचा सल्ला दुसऱ्यापर्यंत पोचेल. तारीख कळव. सायलीला मी बरोबर हवी असेल तर येईन, नको असेल तर इथेच थांबेन. तिलाच विचार, आणि ती काय म्हणाली ते मला फोनवर सांग.

तुझी,
आई