शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: सरासरी हजेरीत हरवणारी मुलं

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

40 मुलांचा एक वर्ग घ्या. त्यातली 35 मुलं रोज येतात, 5 मुलं निम्मे दिवस खाडा करतात. वर्गाची सरासरी हजेरी निघते जवळपास 94 टक्के. हा आकडा वरपर्यंत जातो आणि सगळे निश्चिंत होतात. ती पाच मुलं त्या आकड्यात दिसत नाहीत, आणि वर्षा-दोन वर्षांत पटावरूनही जातात.

मी बरीच वर्षं वर्गशिक्षक होतो, म्हणून हे हक्कानं लिहितोय. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात चांगला, बोलायला कमी. आधी फक्त सोमवारी येईना, मग सोमवार-मंगळवार, मग घटक चाचणीच्या दिवशीही नाही. त्याच्या आईची रात्रपाळी असायची आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी दुसरं कोणी नव्हतं. हे मला कळलं ते त्याचं नाव कमी झाल्यावर. तोवर मी प्रगतिपुस्तकात ‘अनियमित’ एवढा एक शब्द लिहून खाली सही ठोकत होतो. पुढे जुना हजेरीपट काढून पाहिला, तर त्याच्या ओळीत सगळं आधीच लिहिलेलं होतं, माझ्याच हातानं. दाखल्यावर मात्र कारण पडलं ‘पालकांच्या विनंतीवरून’. त्या रकान्यात बहुतेक वेळा हेच पडतं.

मूल शाळा सोडणार आहे हे आधी कळू शकतं, हा काही माझ्या एकट्याचा अनुभव नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. सहावीतच हजेरी 80 टक्क्यांखाली गेली किंवा गणितात अथवा भाषेत मूल नापास झालं, तर ते वेळेत शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता फारच कमी उरते, असं दिसलं. शिकागोतल्या संशोधकांनी 2005 मध्ये नववीचं वर्ष तपासलं. त्या वर्षी ज्यांची गाडी रुळावर राहिली, म्हणजे जे पुरेसे विषय पास झाले, त्यांचं चार वर्षांत शिक्षण पुरं होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीनपट होतं. आधीच्या परीक्षांच्या गुणांपेक्षाही ही खूण जास्त खरी ठरली.

म्हणून पहिली मागणी साधी आहे: सरासरी नको, मुलागणिक खाडे मोजा. शाळेचे दिवस 180 धरले तर दहा टक्के खाडे म्हणजे 18, महिन्याला जेमतेम दोन. दोन खाडे कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत. तिथेच कोणीतरी विचारायला हवं.

पण हे कोणीतरी म्हणजे कोण? खरी अडचण इथे आहे. यादी करायला सांगितलीत तर आम्ही शिक्षक उत्तम यादी करू, नमुन्यात भरू, वर पाठवू. पुढे काही होणार नाही. मिनेसोटा विद्यापीठात 1990 मध्ये ‘चेक अँड कनेक्ट’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात धोक्यातल्या प्रत्येक मुलामागे एक ठरलेलं मोठं माणूस असतं. ते मुलाची हजेरी, गुण, वागणूक नियमित पाहतं, मुलाशी बोलतं, घरी संपर्क ठेवतं, आणि हे किमान दोन वर्षं. दोन वर्षं हा त्यातला कळीचा भाग. सहा महिन्यांनी माणूस बदललं की मूल पुन्हा तोंड मिटून बसतं. हे काम वर्गशिक्षकाच्या डोक्यावर चिकटवू नका. त्यासाठी तास मोकळे करा, नाहीतर वेगळं माणूस नेमा. वर्षातून एकदा प्रेरणादायी वक्ता बोलावण्यावर होणारा खर्च इकडे वळवलात तरी मी आभारी राहीन. एक तर ज्यांच्यासाठी ते व्याख्यान असतं, ती मुलं त्या दिवशीही गैरहजरच असतात.

घरच्या अडचणींना शाळा काय करणार, असं म्हटलं जातं. मेक्सिकोनं 1997 मध्ये मूल नियमित शाळेत येत असेल तर आईच्या हाती रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. वरच्या इयत्तांना जास्त, आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींना मुलांपेक्षा जास्त. माध्यमिक शाळांतली नोंदणी वाढली, मुलींची अधिक. माझ्या त्या विद्यार्थ्याला तर रोख रकमेचीही गरज नव्हती. बहिणीला सकाळी सोडता येईल अशी एखादी खोली आणि लक्ष ठेवायला एक बाई, एवढ्यावर भागलं असतं.

आणखी एक. न येणाऱ्या किंवा दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून आठ दिवस घरी बसवतात, हे मला नोकरीभर उमगलं नाही. तो तेच तर शोधत असतो. ही शिक्षा बंद करा.

सगळीकडे एकदम नको. काही शाळांत सुरू करा, दोन वर्षं तीच माणसं ठेवा, आणि शेवटी त्या मुलांपैकी किती पटावर आहेत ते नावानिशी मोजा. नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचा हजेरीपट बंद होण्याआधी आदेश निघाला, तर पहिली यादी त्याच महिन्यात तयार होईल.

आपला,
एक निवृत्त वर्गशिक्षक