प्रलयानंतर टाकीत पाणी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जग कोसळल्यावर मागे उरलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं, या विषयावर मराठीत कुमारांसाठी भरपूर लिहिलं जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. मात्र अशा कादंबरीत सर्वांत आधी चुकतं ते पाणी.

पुण्यातली वीस फ्लॅटची सोसायटी घ्या. माणसं ऐंशी, गच्चीवरची टाकी 10,000 लिटरची. शहरी पाणीपुरवठ्याच्या आपल्या निकषानुसार माणशी रोज 135 लिटर धरले, तर टाकी एका दिवसाचीही नाही. पिण्या-स्वयंपाकापुरते पाच लिटर धरले, तर पंचवीस दिवस. एक की पंचवीस, हे गच्चीवरच्या व्हॉल्व्हवर ठरतं. तो बंद करून जिन्यात बसलेली मुलगी आणि दुसरी बादली मागणारे शेजारचे काका: तिचं मोठं होणं इथेच सुरू होतं. लेखकाने हा हिशेबच केला नसेल, तर तो प्रसंग त्याला सुचणारही नाही.

टाकी संपली की नदी. पाणी चौपदरी फडक्यातून गाळून, तुरटी फिरवून निवळू द्यायचं. मग जंतू मरायला पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास. गढूळ राहिलं तर किरण आत पोचत नाहीत. ढगाळ हवेत दोन दिवस लागतात, आणि सततच्या पावसात हा उपाय चालतच नाही. तेव्हा उकळणं आलं. तीन दगडांच्या चुलीवर दहा लिटरला दीड-दोन किलो सरपण, तेही वाळकं. मे महिन्यात लाकडं रचून न ठेवणारा नायक जुलैत आजारी पडायलाच हवा. शिवाय पाण्यातली रसायनं उन्हाने जात नाहीत, उकळूनही नाहीत.

नायकाने तिसऱ्या वर्षी साठवलेल्या पेट्रोलवर बाइक पळवणं तर नकोच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाशी बसतं, इंजिन सुरू होत नाही. सायकल चालेल, पण पंक्चरचं सोल्यूशन ट्यूब एकदा उघडली की वाळतं, हेही लिहा.

पुण्यापुरती एक गोष्ट तर आयती हाताशी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालच्या नळातून पाणी यायचं, पंपाशिवाय, निव्वळ उतारावर. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधलेले होते. त्यातला एखादा शोधून आतला गाळ उपसणारी चार मुलं आम्हाला वाचायची आहेत.

कळावे,
काही वाचक, पुणे