रिपोर्टवर एक ओळ वाढवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी यकृताचे रुग्ण पाहणारा डॉक्टर. नवे रुग्णालय किंवा यंत्र मागायला हे पत्र लिहीत नाही. मागणी एवढीच की, सरकारी प्रयोगशाळेच्या रक्ताच्या रिपोर्टवर एक ओळ जास्त छापावी, पण त्यासाठी एका बाईंची फाइल उघडावी लागेल.

वय ५४, जुना मधुमेह. रक्ताची उलटी झाली म्हणून त्यांना मध्यरात्री आणले. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली होती. एंडोस्कोपीतून शिरेला रबरी कडी (बँड) घालून रक्त थांबवले, रक्त चढवले, बाई वाचल्या. दारूचा थेंब कधी घेतलेला नव्हता, त्यामुळे ‘सिरॉसिस’ (व्रणांनी यकृत कडक होणे) हा शब्द घरच्यांना पटेचना. (न पिणाऱ्याला सिरॉसिस होत नाही, हा समज काही डॉक्टरांच्याही डोक्यातून जात नाही.) मुलीने जुन्या रिपोर्टांची पिशवी आणून दिली. चार वर्षांपूर्वीच्या कागदावर यकृताच्या रक्ततपासणीतले दोन आकडे, एसजीओटी ४५ आणि एसजीपीटी ३६, आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट १ लाख ३५ हजार. सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी. एकेक आकडा सुटा पाहिला तर काळजी वाटू नये असाच. वजन उतरवा, एवढे सांगून त्यांना घरी पाठवले होते.

आता तेव्हाचे वय ५० गुणिले एसजीओटी ४५, म्हणजे २२५०. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, म्हणजे १३५ गुणिले ६ बरोबर ८१०, याने भागा. उत्तर २.७८. याला फिब-४ म्हणतात. २.६७ च्या वर गेला की यकृतात बरेच व्रण झाल्याचा संशय घ्यायचा. यकृत कडक होते तसा यकृताकडे रक्त आणणाऱ्या प्रवेशिका शिरेतला (पोर्टल व्हेन) दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात. एसजीपीटी मात्र सिरॉसिसमध्येही नॉर्मल असू शकते आणि फसवणूक नेमकी तिथे होते.

तेव्हाच कळले असते तर यकृताचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी झाली असती, एंडोस्कोपी झाली असती, शिरांवरचा दाब उतरवणारी गोळी सुरू झाली असती. सिरॉसिस ठरल्यावर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी, कर्करोगाची गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून. गुडघेदुखीसाठी त्या रोज वेदनाशामक घेत होत्या. ती तर पहिल्याच दिवशी बंद केली असती.

म्हणून विनंती अशी की, ३५ वर्षांपुढच्या रुग्णाच्या एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या तपासण्या एकत्र झाल्या, तर सरकारी प्रयोगशाळेच्या संगणकाने हा आकडा आपोआप छापावा. जास्तीचे रक्त नको, जास्तीचे रसायन नको.

आपले अधिकारी म्हणतील, मोठ्या रुग्णालयांत गर्दी उसळेल. उलटही होईल. १.३ च्या खाली आकडा असेल तर प्रगत व्रणांची शक्यता फार कमी असते. ‘फॅटी लिव्हर’ वाचून घाबरलेल्या पुष्कळ लोकांना पुढे पाठवावेच लागणार नाही. ६५ च्या पुढे मात्र ही खालची मर्यादा २ धरावी, नाहीतर वयामुळेच आकडा फुगतो.

हे गणित सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगतो. तापात प्लेटलेट उतरल्या असतील किंवा कावीळ नुकतीच झाली असेल तर ते चुकते. माझ्याकडे २२ वर्षांचा एक मुलगा आला होता, हात थरथरायचे, अक्षर बिघडले होते. त्याला विल्सनचा आजार निघाला, शरीरात तांबे साठण्याचा. तो डोळ्यांतल्या तपकिरी कड्यांवरून आणि सेरुलोप्लाझमिन या तांबे वाहणाऱ्या रक्तातल्या प्रथिनावरून ओळखला, फिब-४ वरून नव्हे. दुसरे एक आजोबा दिवसा झोपायचे, रात्री जागायचे, बोलता बोलता हरवायचे. त्यांना झोपेची गोळी दिली गेली आणि ते आणखी गुंगले. मुळात बद्धकोष्ठामुळे सिरॉसिसचा परिणाम मेंदूवर झाला होता. गोळी थांबवून लॅक्टुलोज हे पोट साफ करणारे औषध दिले, दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ होऊ लागले, तेव्हा त्यांनी नातवाला नावाने हाक मारली. त्यांना सिरॉसिस आहे हे गोळी लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हते. त्यांच्याही जुन्या रिपोर्टांत फिब-४ ला लागणारे चारही आकडे होते.

त्या ओळीखाली एवढेच छापावे : ‘२.६७ पेक्षा जास्त असल्यास यकृताची पुढील तपासणी करावी. ताप किंवा नुकती कावीळ असल्यास बरे झाल्यावर पुन्हा मोजावे.’ मजकूर आपल्या तज्ज्ञांनी हवा तसा सुधारावा.

आपला,
एक यकृतविकारतज्ज्ञ