माणदेशाची माती आणि नव्या पाण्याचे मीठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपसा सिंचन योजनांचे पाणी आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण आणि खटाव या तालुक्यांतल्या नवनव्या गावांच्या शिवारात पोहोचल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. पाणीपूजन होते, गुलाल उधळला जातो आणि दुष्काळ कायमचा हटल्याचे फलक लागतात. १९७२ च्या दुष्काळात आईचे बोट धरून खडी फोडायच्या कामावर गेलेल्या आणि तिथे वाटली जाणारी सुकडी खाऊन वाढलेल्या माझ्यासारख्याला या पाण्याचा आनंद किती असेल, हे सांगण्याची गरज नाही. तरीही दुष्काळ आणि वाळवंटीकरण या दोन गोष्टी आपण एकच समजतो आहोत आणि ती गल्लत पुढच्या पंचवीस वर्षांत महागात पडेल, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. वाळवंट म्हटले की फळ्यावर वाळूच्या टेकड्या आणि एक उंट काढायचा, आणि 'आपल्या देशात वाळवंट कुठे?' या प्रश्नाला वर्गाने 'राजस्थानात' असे उत्तर द्यायचे, हा शिरस्ता मीही इमानाने पाळला. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण त्यामुळे खरा प्रश्न वर्गाबाहेर राहिला. १९९४ मध्ये मंजूर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराने वाळूचा उल्लेख न करता शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र प्रदेशांतल्या जमिनीचा कस हवामानातील बदलांमुळे आणि माणसाच्या हातून उतरत जाणे, अशी वाळवंटीकरणाची व्याख्या केली आहे. या व्याख्येत सांगली-साताऱ्याचा आपला पूर्वभाग तंतोतंत बसतो. इस्रोने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातील सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे जवळजवळ तीस टक्के भूभाग अशा ऱ्हासाखाली होता आणि सर्वाधिक वाटा असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. या ऱ्हासाच्या कारणांत पहिला क्रमांक पाण्याने होणाऱ्या धुपीचा लागतो. वाळू उडवणारा वारा तिसऱ्या क्रमांकावर आहे. पाऊस कमी म्हणून आपण रडतो आणि जो पडतो तोच आपली जमीन घेऊन जातो, असा हा प्रकार आहे.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या म्हसवडला तो जेमतेम पाचशेच्या घरात राहतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा हा हिशेब हजारो वर्षांचा आहे आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. या पाचशे मिलिमीटरवर माणदेशाने बाजरी पिकवली, शाळू पिकवला, खिलार जनावरे जगाला दिली. कोरडा प्रदेश म्हणजे वाळवंट नव्हे. त्याचे वाळवंट होते ते पडलेला पाऊस जमिनीत मुरेनासा झाला की.

माझ्या आजोबांनी वाटणीच्या वेळी रानात पुरलेला हद्दीचा एक दगड आहे. मी लहान असताना तो वीतभर वर दिसायचा. त्यावर बसता येत नसे, फक्त ठेच लागायची. आज मी त्याच दगडावर बसून चहा पितो. गावात कुणी म्हणते, 'माळाला दगडं लई वाढली.' दगड वाढत नसतात, हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असते. वळवाच्या पहिल्या जोरदार सरीत त्या रानातून ओढ्याला जाणारे तांबूस, दाट पाणी तांब्यात धरून ठेवले, तर सकाळी तळाशी बोटाच्या पेरापेक्षा जास्त गाळ बसलेला असतो. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि आमच्या त्या उतारावर ती एका माणसाच्या आयुष्यात किती गेली, हे मोजायला तो दगड पुरेसा आहे.

ही माती एकाएकी कशी मोकळी झाली, याची कारणे गावातल्या जुन्या माणसांना पाठ आहेत. पूर्वी उतारावर आडव्या ताली, म्हणजे माती-पाणी अडवणारे बांध, असत आणि दर उन्हाळ्यात त्या सांदून घेण्याचे काम घरातल्या बाप्यांचे असे. जेसीबी आल्यावर दोन वाफे वाढावेत म्हणून त्या मोडल्या गेल्या, आणि ट्रॅक्टर उताराच्या दिशेने नांगरू लागल्यामुळे प्रत्येक तास म्हणजे पाण्याला आयता पाट झाला. गायरानांवर अतिक्रमणे झाली. उरलेल्या तुकड्यावर पूर्वीइतकीच जनावरे आणि मेंढरे चरू लागली. पवन्या आणि मारवेल ही चवीची गवते बी धरण्याआधीच ओरबाडली गेली आणि शेळीही तोंड फिरवील असे कुसळ तेवढे उरले. जिथे तेही उरले नाही तिथे वेडी बाभूळ आली, जिला आपण हिरवळ समजतो. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे आमचे धनगर बांधव वाटेत रानात मेंढरे बसवत आणि त्या एका रात्रीच्या लेंड्यांवर दोन वर्षे पीक उभे राही. आता ऐपतवाला शेतकरी पोत्यातल्या खतावर भागवतो, शेणाच्या गोवऱ्या होतात आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटत जातो. कर्ब घटला की मातीचे कण एकमेकांना धरत नाहीत, पावसाच्या थेंबाने वरचा थर पापडीसारखा बसतो आणि पाणी मुरण्याऐवजी पळते. मग विहिरीला पाझर राहत नाही आणि पाचशे मिलिमीटर पाऊस होऊनही मार्चमध्ये टँकर मागवावा लागतो. माणगंगा आणि येरळेच्या पात्रातली वाळू उपसून नेण्याने उरलेसुरले काम केले, कारण ती वाळू हाच या नद्यांचा पावसानंतरचा पाणीसाठा होता.

परिणाम आपण दुष्काळाच्या नावावर मांडतो. विटा, आटपाडी, खानापूर भागातली गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारी, व्यावसायिक मंडळी देशभरातल्या सराफ पेठांत पोहोचली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण पहिल्या पिढीने गाव सोडले ते हौसेने नव्हे. चारा छावण्यांत बांधलेले खिलार पुढे बाजारात गेले आणि परत आले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा सांगली जिल्ह्याची पाठ थोपटली गेली आणि ते योग्यच होते. त्याच उन्हाळ्यात याच जिल्ह्याच्या पूर्वेला टँकरची वाट पाहत बसलेल्या बायाही होत्या, एवढे फक्त नोंदवतो.

आता ज्या गोष्टीसाठी पत्र लिहायला बसलो तिच्याकडे येतो. माझी थोरली बहीण वाळवा तालुक्यात दिली आहे. कृष्णाकाठ, काळी कसदार जमीन, बारमाही पाणी. आमच्या घरात तिच्या नशिबाचा हेवा केला जाई. गेल्या वर्षी दाजींनी मला त्यांच्या खालच्या रानात नेले. उसाच्या सऱ्यांमध्ये जागोजागी चुना सांडल्यासारखे पांढरे पट्टे होते आणि त्या पट्ट्यांत ऊस गुडघ्याएवढा राहून पिवळा पडला होता. दाजींनी वरची पापडी नखाने उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, 'गुरुजी, चाखून बघा.' खारट, आणि मागाहून कडवट. एकेकाळी एकरी शंभर टनाची भाषा करणारे ते रान आता निम्म्याहून अधिक पडून आहे. 'तुमचा माळ पाऊस झाला की हिरवा तरी होतो,' दाजी म्हणाले, 'हा कशानं होणार?'

हे कसे घडते, याचे गणित कोणत्याही आठवीच्या मुलाला करता येईल. पाटपाण्यावरचा ऊस वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी घेतो असे धरा. म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. नदीच्या गोड पाण्यातही लिटरमागे पाव ग्रॅम क्षार असतो असे मानले, तरी वर्षाला पाच टन क्षार त्या एका हेक्टरवर आपण स्वतःच्या हाताने नेऊन ओततो. पीक पाणी घेते, ऊन पाणी घेते, क्षार तिथेच राहतो. निचरा चांगला असेल तर तो पावसाबरोबर वाहून जातो. निचरा नसेल तर जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढते, ती दीडएक मीटरच्या आत आली की केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याची वात तेल ओढते तसे, खारे पाणी वर येते आणि पाणी उडून गेल्यावर पांढरी फुटते. सोडियम वाढला की जमीन चोपण होते: ओली असताना चिकट आणि वाळली की कुदळ उडवील अशी. मध्य आशियात अरल समुद्राला मिळणाऱ्या दोन नद्यांचे पाणी १९६० नंतर कापसाकडे वळवले गेले. जगातला चौथ्या क्रमांकाचा तो जलाशय आटून त्याच्या तळाचे मिठाचे वाळवंट झालेच, शिवाय ज्या कापसासाठी हे केले त्याचीही पुष्कळ जमीन खारावली. तिथे पाणी कमी पडले म्हणून आणि जास्त झाले म्हणूनही वाळवंट झाले. सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग आणि कृष्णाकाठ यांचा नकाशा शेजारी शेजारी ठेवला, तर आपल्याकडेही हेच लहान प्रमाणावर चालू आहे.

टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्याबरोबर आता उसाचे बेणेही पूर्वेकडे निघाले आहे. आमच्या मुरमाड माळाला तूर्त भीती कमी आहे, कारण तिथे निचरा आपोआप होतो. खरा धोका ओढ्याकाठच्या आणि माणगंगेच्या काठच्या काळ्या रानांना आहे, कारण वरच्या माळाचा सगळा निचरा शेवटी तिथेच येऊन साचतो. यात तोट्याची वाटणीही उलटी होते: माळावर ऊस लावणारा वेगळा आणि खालच्या रानात मीठ झेलणारा वेगळा. शिवाय हे ओढे जागोजागी बुजवून, नांगरून रानात घेतलेले आहेत. एकदा जमीन खारावली की कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने दाखवून दिलेल्या सच्छिद्र पाइपांच्या भूमिगत निचरा पद्धतीने ती सुधारता येते, पण तो खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो आणि शेजारच्या दहा जणांची संमती नसेल तर पाइपचे पाणी काढायचे कुठे, हा प्रश्न उरतो.

'मग काय, पाणी नको म्हणता?' असे मला पारावर विचारले गेले आहे. तसे अजिबात नाही. येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी चळवळ करून बळीराजा धरण उभे केले, तेव्हा भूमिहीनांसह सर्वांना पाण्याचा वाटा आणि त्या पाण्यावर ऊस नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली होती. म्हणजे हा विचार आपल्याच जिल्ह्यात पस्तीस वर्षांपूर्वी झालेला आहे. नायजरसारख्या देशातल्या शेतकऱ्यांनी तर रोपवाटिकाही न काढता शेतातल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे फक्त राखले, आणि सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर झाडे परत आली. आमच्या बांधावर हिवर, बोर आणि बाभूळ दर पावसाळ्यात आपणहून उगवतात आणि आपण ती तणाबरोबर खुरप्याने काढतो. मग जूनमध्ये फोटो काढून, मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात नवे रोप लावतो.

माझे मागणे मोठे नाही. नव्या लाभक्षेत्रात पाणी सोडताना ओढेनाले मोकळे करून घ्यावेत, काळ्या रानात ठिबकाशिवाय उसाची नोंद घेऊ नये आणि मोडलेल्या ताली रोजगार हमीतून पुन्हा बांधून द्याव्यात, कारण माथ्यावर काम न करता पायथ्याला नुसते खोलीकरण केले की तो खड्डा आपल्याच मातीने भरतो. दुसरे असे की, प्रत्येक गावात दहा विहिरी ठरवून त्यांच्या पाण्याची पातळी आणि क्षारता वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये मोजावी आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. क्षारता मोजायचे यंत्र खिशात मावते आणि साध्या मोबाइलपेक्षा स्वस्त मिळते. माझ्या गावापुरते हे काम शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन करायला मी तयार आहे. पहिली नोंद येत्या मे महिन्यात घेऊ आणि आपण जागा दिलीत तर ती आपल्याकडे पाठवीन.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. आटपाडी, जि. सांगली