भाऊबंद शोधायचे तर

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. पणजोबांचा धाकटा भाऊ रत्नागिरीकडचं गाव सोडून गेला आणि ती शाखा आज कुठे नांदते ते घरात कुणालाच सांगता येत नाही, असं तू लिहितोस. पुढे विचारतोस, आणखी चार पिढ्या मागे कसं जायचं? हा दुसरा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. मूळपुरुषाचं नाव मिळालं म्हणून जिवंत माणूस भेटत नाही. भाऊबंद हवे असतील तर दोन-तीन पिढ्या वर चढायचं, तिथून आडवं वळायचं आणि खाली उतरायचं.

आधी घरातली म्हातारी माणसं गाठ, आणि त्यातही आत्या आणि काकवा. पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात, बायकांना माणसं. 'त्यांचं आपलं नातं काय?' असं थेट विचारलंस तर 'लांबचे चुलते' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचार, 'त्यांच्यात कुणी गेलं तर आपल्याकडे सुतक किती दिवस असायचं?' दहा दिवस म्हणाले तर तो बापाकडून सात पिढ्यांच्या आतला भाऊबंद. तीन दिवस किंवा नुसती अंघोळ असेल तर नातं त्याहून लांबचं, नाहीतर आईकडचं. रीतीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण नातं विसरलेल्या माणसालाही सुतक आठवतं. जुन्या लग्नपत्रिका मिळाल्या तर 'आपले नम्र' आणि 'निमंत्रक' यांखालची सगळी नावं उतरवून घे. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव वेगळ्या रकान्यात लिही. लग्नात नाव बदललेली एकच बाई दोन कागदांवर दोन बायका होऊन बसते.

दुसरा घोटाळा पुरुषांच्या नावांचा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळे रामचंद्र विष्णू, विष्णू रामचंद्र, पुन्हा रामचंद्र विष्णू अशी माळ लागते, आणि मधल्या दोन पिढ्या अलगद गळून पडतात. म्हणून प्रत्येक नावापुढे अंदाजे का होईना, जन्मसाल हवंच. बाप-मुलात पंचवीस-तीस वर्षं धरून बघ. अंतर साठ आलं तर एक माणूस गहाळ आहे असं समज. दत्तक गेलेला मुलगा तर बापाचं नाव आणि आडनावही बदलतो, त्यामुळे 'निर्वंश' असा शेरा दिसला की आधी दत्तकाची शंका घे.

आता जमिनीचे कागद. तुझं काम खरं इथेच होणार आहे. गावच्या ज्या जमिनीला तुमच्या घराचं नाव आहे तिचा सातबारा काढ. आजचा संगणकीय उतारा पुरेसा नाही, जुना हस्तलिखित हवा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. प्रत्येक नावाजवळ वर्तुळात आकडा असतो, तो फेरफार क्रमांक, म्हणजे नाव लागल्याच्या किंवा बदलल्याच्या नोंदीचा नंबर. कंसात गेलेलं नाव म्हणजे कमी झालेला माणूस. आकडा धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, मागव. वारसाच्या फेरफारात मयत कोण, वारस कोण, नातं काय, बहुधा वयंही असतात. तिथून मागच्या फेरफारावर, मग त्याच्याही मागच्या. असं करत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचता येतं, कारण मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ चा आहे.

इथे माणसं अडकतात ती तीन-चार ठरलेल्या जागी. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कर्ज काढायची किंवा विक्रीची वेळ येईपर्यंत वारस लावत नाहीत, त्यामुळे मध्ये वीस वर्षंही गेलेली असतात. मग नावापुढचं 'ए. कु. मॅ.' बघ. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं एकट्याचं नाव लागतं आणि धाकटे भाऊ कागदावर उमटतच नाहीत. तुझा हरवलेला धाकटा बहुधा याच तीन अक्षरांमागे आहे. त्याचं नाव शोधत बसू नकोस, थोरल्याच्या मृत्यूनंतरचा किंवा वाटणीचा फेरफार शोध. 'अ. पा. क.' असेल तर वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होता, आणि पालनकर्ती म्हणून पुढे बहुतेक आईचं नाव मिळतं. गाव खोतीचं, म्हणजे जमिनी खोताच्या नावावर आणि कसणारे कुळं असं असेल तर नाव मालकाच्या नाही, कुळाच्या रकान्यात बघ. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळं मालक झाली, तेव्हाच्या कूळकायद्याच्या प्रकरणांत घरातल्यांचे जबाबही सापडतात. नाव नाहीच मिळालं तर आकडा बदलला आहे का ते पाहा. घाटावर जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि जुन्या-नव्याचा मेळ भूमी अभिलेखच्या ९(३) ९(४) उताऱ्यावर लागतो. कोकणात बऱ्याच गावांत सर्व्हे-हिस्सा नंबरच चालू आहेत, तेवढी कटकट वाचते.

खाली उतरताना १९५६ नंतरचे फेरफार जास्त कामाचे. हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही वारसांत येऊ लागली, तीही सासरच्या आडनावाने. पुढे त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्या दस्तात त्यांचे पत्तेच असतात. आणि वाटणी न झालेल्या सामायिक खात्यावर तर वीस-वीस चुलत भावंडं एकाखाली एक उभी असतात. तहसीलदाराला नकोशी वाटणारी ही जंत्री तुझ्यासाठी सोन्यासारखी.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. साधारण १९५० पर्यंतच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी मोडी लिपीत आहेत. 'रामा बिन विठू' म्हणजे विठूचा रामा, आणि 'गंगा कोम रामा' म्हणजे रामाची बायको. मुलाचं नाव मात्र बहुधा नसतं, कारण नोंद बारशाआधीची. नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदी शोधताना अशी पानं स्कॅन झाली आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुकावार टाकली गेली. ती निवडक पानं आहेत, पूर्ण वही नाही, हे ध्यानात ठेव. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातून आधीची शाळा आणि जन्मगाव कळतं. तिथली १ जून ही जन्मतारीख मात्र गुरुजींनी ठोकून दिलेली.

कागद थांबतील तिथे तीर्थोपाध्यायांच्या वह्या पुढे नेतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, लांब गेलं तर गया. उपाध्ये गावावरून आणि आडनावावरून ठरलेले असतात, म्हणून तिथल्या नदीच्या घाटावर गेल्याबरोबर मूळ गाव, तालुका, आडनाव, जात सांग. वह्या त्यांच्या खाजगी मालकीच्या, आणि त्यांच्यातही वाटण्या झालेल्या. एकाकडे नाव नाही म्हणजे नोंद नाही असं नव्हे, तुमच्या गावाची वही कोणत्या भावाकडे गेली ते विचारून घे. सांगताना हल्लीचं राहतं गाव सांगितलंस तर वही निघणारच नाही. आलेल्या माणसाने बाप, आजा, भाऊ, मुलं अशी नावं घालून खाली सही केलेली असते. सगळ्यात जुन्या नोंदीकडे झेपावू नकोस, सगळ्यात नवी बघ. अस्थी घेऊन दुसऱ्या शाखेतलं कुणी मधल्या काळात येऊन गेलं असेल तर पत्ता, कधी फोन नंबरही मिळतो. दक्षिणेचं आधी बोलून घे, फोटो परवानगीने काढ, आणि तुझी नोंद पत्त्यासकट घालून ये. ते लोकही शोधत असतील.

शिवाय चाकरमान्यांच्या ग्रामस्थ मंडळाची वर्गणीची वही. मुंबईत राहणाऱ्या वाडीतल्या कुटुंबांची इतकी ताजी यादी सरकारकडेही नसेल. डीएनए चाचणीचं विचारलंस. ज्याचे आणि तुझे पणजोबा सख्खे भाऊ, असा चुलत भाऊ साधारण दहात नऊ वेळा जुळतो, त्याहून एक पिढी लांबचा जेमतेम निम्म्या वेळा, पण तोही चाचणी करून त्याच कंपनीच्या यादीत असला तरच. शिवाय पिढ्यान् पिढ्या जातीतच, त्यात मामेबहिणींशी लग्नं झालेल्या समाजात परका माणूसही जवळचा दिसतो. सध्या पैसे घालू नकोस.

माणूस सापडला की पहिल्या भेटीत सातबारा पिशवीतच ठेव. पन्नास वर्षांनी भाऊबंद दारात आला म्हणजे हिस्सा मागायला आला, असंच कुणालाही वाटणार. गावच्या गुरवाला नाहीतर दोघांच्या ओळखीच्या माणसाला बरोबर घे, शक्यतो गणपतीत किंवा शिमग्यात जा, आणि जमिनीत काही नको हे सुरुवातीलाच स्वच्छ सांग. अर्धवट भरलेली वंशावळ पुढे ठेव. कोऱ्या चौकोनात नाव सांगायला माणूस आपणहून सरसावतो. पूर्ण वंशावळ घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकताना जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव गाळ, बँकवाले ओळख पटवायला तेच विचारतात.

आधी गावच्या तलाठ्याकडून खाते क्रमांक घे आणि जुन्या सातबाऱ्याचा अर्ज टाक. मोडीतलं पान निघालं तर पूर्ण पानाचा फोटो पाठव, शेजारच्या नोंदींसकट. एकट्या ओळीवरून अक्षराचं वळण कळत नाही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
वसंत